उशिरा येणारं रक्त

पडद्यावर मेंदूचा आडवा छेद आहे. त्यात एक केशरी ठिपका. एमआरआय स्कॅनरमध्ये झोपलेल्या सत्तरीतल्या आजींनी आत्ताच उजव्या हाताची बोटं हलवली. मेंदूचा तेवढा भाग ‘पेटला’, असं आपण म्हणतो. पण तिथं पेटलेलं काही नाही. दिसतंय ते रक्त, आणि तेही उशिरा आलेलं.

चेतापेशीचा एक ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागात होऊन जातो. रक्ताची भरती टोकाला पोचायला मात्र पाच-सहा सेकंद लागतात. मधल्या वेळात नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पोटॅशियम झिरपतं. ताऱ्याच्या आकाराच्या अॅस्ट्रोसाइट पेशी रक्तवाहिन्यांना पाय लावून बसलेल्या असतात, त्याही निरोप पोचवतात. मग वाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल पडतात. उसाला दारं धरलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. तहान एका सरीची असली, तरी दार उघडल्यावर पाणी शेजारच्या सऱ्यांतही शिरतं. तसाच इथं गरजेहून जास्त ऑक्सिजन येतो. ऑक्सिजन वाहून नेणारं रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडून दिल्यावर स्कॅनरचा सिग्नल दाबतं. ताज्या रक्ताने ते धुऊन निघतं आणि ठिपका उजळतो. 1990 साली अमेरिकेत सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत हा परिणाम दाखवला.

पण ठिपक्यावरून पेशींचं मूळ बोलणं ओळखायचं, तर दोन्हीकडचं गणित हवं. पेशीचं गणित 1952 मध्ये हॉजकिन आणि हक्स्ली या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मांडलं, माकुल या समुद्री जीवाच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून. केंब्रिजचा संगणक तेव्हा बंद होता. हक्स्ली यांनी हाताने दांडा फिरवायच्या यंत्रावर एकेक आकडा काढला. त्या चिकाटीपुढे मान लवते. रक्ताचं गणित 1998 मध्ये रिचर्ड बक्सटन आणि सहकाऱ्यांनी दिलं: शीर फुग्यासारखी फुगते आणि सावकाश ओसरते, म्हणून सिग्नल शेवटी मूळ पातळीच्याही खाली उतरतो.

आज ही दोन्ही गणितं संगणकात जोडता येतात. पेशी तशाच ठेवून फक्त वाहिन्यांच्या भिंती ताठ केल्या, तरी ठिपका फिका पडतो. आजींचा ठिपकाही फिकाच आहे. पेशी मंदावल्यात, की वाहिन्या ताठरल्यात?

आता त्यांना श्वास रोखायला सांगितलंय. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पेशींना वेगळं काम नसतानाही वाहिन्या रुंदावतात. किती रुंदावल्या, तो आकडा या जोडलेल्या गणितात, म्हणजे मॉडेलमध्ये, जाईल.

दहा सेकंद. पंधरा. पडद्यावरचा सगळा मेंदू हळूहळू उजळू लागलाय.