नागीण, थायमस आणि सत्तरीनंतरची लस

नागिणीचा विळखा पूर्ण झाला की माणूस जातो, हे इथल्या बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं असणार. तसं होत नाही. नागीण ज्या विषाणूमुळे होते, तो एखाद्या चेतातंतूच्या पट्ट्यातून बाहेर पडतो आणि तो पट्टा शरीराच्या मध्यरेषेशी संपतो. म्हणून फोड बहुधा एकाच बाजूला येतात. भीती धरायचीच तर नंतरच्या वेदनेची धरा. फोड सुकले तरी काहींची आग महिनोन्‌महिने जात नाही. अंगावर सदरा सहन होत नाही.

विषाणू बाहेरून येत नाही. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो मज्जारज्जूजवळच्या चेतागंडांत, म्हणजे चेतापेशींच्या गाठींत, दडून राहतो. त्याला दाबून ठेवतात त्या टी-पेशी, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार. गंमत अशी की म्हातारपणीही रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे त्याला ओळखून चिकटणारी प्रथिनं, सापडतात, पण टी-पेशींचा जोर ओसरलेला असतो. नव्या टी-पेशी तयार होतात छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत. ही ग्रंथी वयात आल्यापासूनच आकसत जाते आणि तिच्या जागी चरबी साठते. म्हणजे ही उतरण साठीला सुरू होत नाही, साठीला ती जाणवते.

आता लसीकडे येऊ. नागिणीची पहिली लस, झोस्टाव्हॅक्स, अमेरिकेत २००६ साली आली. तिच्यात कांजिण्यांच्या लसीतलाच जिवंत, दुबळा केलेला विषाणू होता, फक्त मात्रा कित्येक पट. साठ ते एकोणसत्तर वयोगटात तिने नागीण ६४ टक्क्यांनी कमी केली, सत्तरीपुढे मात्र ३८ टक्क्यांनीच. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच उपयोग कमी! ‘वयच झालं, लस तरी काय करणार’ असं तेव्हा म्हटलं जायचं. मला हा निष्कर्ष आळशी वाटतो.

कारण पुढची लस, शिंग्रिक्स. तिच्यात विषाणू नाहीच. त्याच्या आवरणावरचं एक प्रथिन आहे, ५० मायक्रोग्रॅम. सोबत रोगप्रतिकारशक्तीला चेतवणारी दोन द्रव्यं: एक चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतलं सॅपोनिन, दुसरं साल्मोनेला जीवाणूच्या आवरणापासून बनवलेलं. दारावर टकटक करून परत जाणाऱ्या पाहुण्यासारखी पहिली लस होती. ही कडी वाजवत राहते. सत्तरीपुढच्या लोकांवरच्या चाचणीत, २०१६ साली, संरक्षण ९० टक्क्यांच्या आसपास निघालं. दोन्ही लशी समोरासमोर तपासलेल्या नव्हत्या हे खरं, पण एवढा फरक त्याने पुसला जात नाही. शरीर म्हातारं तेच, हाक बदलली.

फ्लूच्या लशीतही हाक मोठी करण्याचा मार्ग चोखाळला गेला. पासष्टीपुढच्यांसाठी विषाणूच्या प्रत्येक प्रकाराचं १५ ऐवजी ६० मायक्रोग्रॅम प्रतिजन, म्हणजे शरीराला विषाणूची ओळख करून देणारा घटक, दिलं, तेव्हा नेहमीच्या लशीच्या तुलनेत फ्लू सुमारे २४ टक्क्यांनी कमी झाला.

जोरदार हाकेची किंमतही असते. शिंग्रिक्सनंतर दंड ठणकतो, एखाद-दोन दिवस कणकण येते, अंग मोडून येतं. पहिल्या डोसनंतर ताप आला म्हणून काहीजण दुसरा टाळतात. दुसरा दोन ते सहा महिन्यांत घ्यायचा असतो, तो चुकवू नका. पूर्वी नागीण होऊन गेली असली तरी लस घेता येते. भारतात ती २०२३ पासून मिळते, पण सरकारी लसीकरणात नाही आणि महाग आहे. तेव्हा पैशांची सोय आणि तुमची औषधं, दोन्ही डॉक्टरांपुढे आधी मांडा.