मनगटावरची कॉफी

[दृश्य: पहाट. खिडकीतून येणारा फिकट उजेड. टेबलावर अत्तराची काळसर काचेची कुपी.]

अजून तिचे केस ओले आहेत. घरात कुणी उठलेलं नाही. कुपीचं झाकण निघतं, गळ्यातल्या स्कार्फवर एक फवारा, डाव्या मनगटावर दुसरा. मग ती थांबते. मनगटं एकमेकांवर घासत नाही. हात तसाच धरून ठेवते, अल्कोहोल उडून जाईपर्यंत.

[अगदी जवळून: त्वचेवरचे बारीक थेंब वाळताना.]

आधी नाकाला झोंबतो तो स्पिरिटचा थंडपणा. मग वेलची. आणि काही मिनिटांनी भाजलेल्या बियांचा कडसर, खमंग वास. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला नाही. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तिची कॉफी बंद केली, तेव्हापासून घरात कॉफी होतच नाही. आता ती फक्त तिच्या मनगटावर असते.

[दृश्य: कच्च्या हिरवट बिया. हळूहळू त्यांचा रंग बदलत जातो.]

कॉफीची कच्ची बी हातात घेऊन हुंगून पाहा. कॉफीची आठवणही येत नाही. वास येतो कच्च्या मटाराचा, गवताचा. आपण ज्याला कॉफीचा वास म्हणतो, तो आचेवर जन्माला येतो. दीडशे अंशांच्या आसपास बीमधली साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांत मिसळून बदलू लागतात. फ्रेंच वैद्यक आणि रसायनतज्ज्ञ लुई कामी मायार यांनी 1912 साली या क्रियेचं वर्णन केलं. पोळीवरचे खमंग डाग आणि परतलेल्या कांद्याचा तांबूस रंग हीसुद्धा तिचीच करामत. भाजलेल्या कॉफीत आठशेहून अधिक गंधद्रव्यं मोजली गेली आहेत.

त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. फरफ्युरिल थायोल. गंधकाचा अणू असलेलं हे द्रव्य कॉफीत आहे, हे रसायनतज्ज्ञ टाडेउश राइखस्टाइन आणि हेर्मान श्टाउडिंगर यांनी 1920 च्या दशकात दाखवून दिलं. पुढे दोघांनाही, वेगवेगळ्या कामांसाठी, नोबेल मिळालं. या द्रव्याची बाटली उघडली तर माणूस तोंड फिरवतो, इतका उग्र, कुजकट दर्प. तेच द्रव्य नखावर दिसणार नाही इतकं कमी करा, त्याहून कमी करा, पाण्यात जवळपास नाहीसं होईपर्यंत विरवा. आणि तिथे, अचानक, ताजी कॉफी.

[दृश्य: काचेच्या नळीतून एक थेंब सुटतो. कागदाची पट्टी त्यात बुडते.]

कॉफीचं अत्तर करणाऱ्याची खरी परीक्षा इथेच असते. भाजलेल्या कॉफीतली गंधद्रव्यं भराभर उडून जातात. म्हणून तर उघडी राहिलेली पूड चार दिवसांत मलूल होते. उच्च दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने बियांचा अर्क काढता येतो. अर्क अस्सल असतो, गडद असतो, पण एकटा ठेवला की करपट वाटतो. त्याला सोबत लागते. व्हॅनिलाची, पॅचौलीच्या ओल्या मातीसारख्या वासाची, कधी पांढऱ्या फुलांची. ही सोबत जास्त झाली तर हाती उरते कॉफीच्या चवीची मिठाई. महागड्या अत्तराचं मोल मी कुपीच्या काचेवरून करत नाही. इतका गोडवा भोवती असताना कडूपणा जिवंत राहिला का, एवढंच मी पाहते.

1992 मध्ये फ्रेंच फॅशन डिझायनर थिएरी मुगलर यांच्या 'एंजल'ने खाद्यपदार्थांसारख्या गोड अत्तरांना मोठा दरवाजा उघडून दिला. 1996 मध्ये त्याच घराण्याचं पुरुषांसाठीचं 'ए मेन' आलं, त्यात कॉफी आणि डांबरासारखा धुरकट वास शेजारी शेजारी होते. 2014 मध्ये ईव्ह सँ लोराँ या फॅशन घराण्याच्या 'ब्लॅक ओपियम'ने कॉफीला व्हॅनिला आणि पांढऱ्या फुलांजवळ बसवलं, आणि ते स्त्रियांसाठीचं म्हणून जगभर गेलं. एकाच बीची ही दोन रूपं.

[दृश्य: बसची खिडकी. तिचा हात दांड्यावर.]

जाहिराती अशा अत्तराबरोबर रात्र दाखवतात. निऑन दिवे, बेफिकीर नजर, कुणाच्याही हाती न लागणारी व्यक्ती. मला ते पटत नाही. कॉफीचा वास सगळ्यांच्या ओळखीचा असतो. तो आला की माणूस खुर्ची ओढून घेतो. हा वास अंगावर घालणाऱ्याला, मला वाटतं, परकेपणा नकोच असतो. आणि त्याचबरोबर त्याला आपण नुसते गोड आहोत असं भासवायचंही नसतं. माझ्या पाहण्यातली अशी माणसं हळू बोलतात, पण बोलणं गुळगुळीत करत नाहीत.

तिचंच पाहा. कॉफी सुटल्याबद्दल ती कधी हळहळत बसली नाही. ज्याची चव घ्यायची नाही, त्याचा वास तिने निवडला आणि शांतपणे जवळ ठेवला.

निवड माणसाबद्दल खरंच काही सांगते का? चेक संशोधकांनी 2012 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एका काखेत स्वतःचं नेहमीचं अत्तर लावलं, दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेलं. हुंगणाऱ्यांना कशात काय आहे ते माहीत नव्हतं. नुसती अत्तरं त्यांना सारखीच आवडली होती; पण अंगाच्या वासात मिसळल्यावर, ज्याने जे स्वतःहून निवडलं होतं, ते त्याच्या अंगावर अधिक खुललं. आपल्या त्वचेला काय शोभतं, हे आपलं नाक आपल्या नकळत ओळखत असावं. मैत्रिणीच्या अंगावर आवडलेलं अत्तर आपण आणतो आणि ते आपल्याला परकं वाटतं, त्यामागे हेच असेल.

[दृश्य: कार्यालय. शेजारच्या टेबलावरची तरुण सहकारी मान वर करते.]

"ताई, कॉफी घेऊन आलात का?"

"नाही गं. लावून आले."

तिला स्वतःला तो वास आता येत नाही. नाक सवयीच्या वासाची दखल घेणं थांबवतं. एव्हाना तो दरवळ फक्त इतरांसाठी उरलेला असतो. स्कार्फ तिने आल्याआल्याच काढून दारामागच्या खुंटीला अडकवला आहे.

[दृश्य: संध्याकाळ. रिकामं होत आलेलं कार्यालय. खुंटीवरचा स्कार्फ.]

दिवे मालवायच्या आधी ती स्कार्फ काढते, गळ्याभोवती घेताना क्षणभर चेहऱ्याशी धरते. वेलची केव्हाच उडून गेली आहे. व्हॅनिला आहे, पॅचौलीची ओल आहे. तिच्या तळाशी, कापडाच्या घडीत, भाजलेल्या बीचा थोडासा कडूपणा. ती डोळे मिटून आणखी एकदा श्वास घेते आणि पायऱ्या उतरू लागते.