मालकीणबाईंचा सातबारा

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. आतून पुरणाचा वास येतोय, म्हणजे तुमचं अर्धं लक्ष कुठे आहे ते मला ठाऊक आहे. उरलेल्या अर्ध्यात मी बोलून घेतो.

दोन वर्षांपूर्वी आई इकडे आली होती. आम्ही टेक्सासातल्या कॉर्पस क्रिस्टीहून दक्षिणेला निघालो होतो. किंग्जव्हिलच्या अलीकडे तारेच्या कुंपणाला लागून गुरं उभी होती. गडद तांबडी, पिकलेल्या चेरीच्या रंगाची. आई म्हणाली, "गाडी थांबव." खाली उतरली, कुंपणाशी गेली, एका गाईकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरं, हिची पोळी बघ की. ही आपल्याकडची हाय."

पोळी म्हणजे गळ्याखाली लोंबणारी कातडी. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो, खायची नव्हे. आई कृष्णाकाठच्या शिरोळ तालुक्यातली, जन्म गोठ्यात गेला. मी हसण्यावारी नेलं. किंग्जव्हिलच्या संग्रहालयातून हिंडून आल्यावर घरी शोधत बसलो, आणि आई बरोबर निघाली!

त्या जातीचं नाव सांता गर्ट्रूडिस. इंग्लंडची शॉर्टहॉर्न आणि ब्राह्मन या गुरांच्या दोन जातींच्या संकरातून, तिथल्याच किंग रँच या गुरांच्या अफाट रानावर घडवलेली. १९२० साली जन्मलेला 'मंकी' नावाचा वळू तिचा मूळपुरुष, आणि १९४० साली सरकारने तिला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. आता ब्राह्मन कुठली? ती अमेरिकेत तयार झाली गीर, गुजरात आणि नेल्लोरकडच्या गुरांपासून, आणि त्यात थोडं रक्त होतं कृष्णाकाठच्या जनावरांचं. सांगली-मिरजेकडच्या संस्थानिकांनी काळ्या रानात नांगर ओढायला म्हणून जी भक्कम जात वाढवली, तिचं. उष्णता आणि गोचीड यांपुढे विलायती गुरं टेक्सासात टिकेनात, म्हणून आपल्याकडची लागली. गाईला व्हिसाची भानगड नसते, एवढंच.

पण मला आज गाईबद्दल नाही, त्या रानाच्या मालकिणीबद्दल बोलायचंय.

रँचर म्हटलं की डोळ्यांसमोर टोपी घातलेला, घोड्यावर बसलेला बाप्या येतो. किंग रँच ज्याच्या नावाने ओळखली जाते तो कप्तान रिचर्ड किंग तसाच होता. न्यूयॉर्कमधल्या आयरिश घरातलं पोर, सोनाराकडे उमेदवारीला ठेवलं तर पळून जहाजात लपून बसलं, आणि पुढे रिओ ग्रांदे नदीवर आगबोटी चालवू लागलं. १८५३ साली त्याने हुआन मेंडिओला याच्या वारसांकडून सांता गर्ट्रूडिस ओढ्याकाठची १५,५०० एकर जमीन घेतली, ३०० डॉलरला. एकराला दोन सेंटसुद्धा पडले नाहीत. स्वस्त का, ते उघड आहे. अमेरिका-मेक्सिकोची सरहद्द नुकतीच सरकली होती आणि जुन्या मेक्सिकन कुटुंबांना नव्या कोर्टकचेऱ्यांत आपला हक्क टिकवणं जड जात होतं. कप्तानाचं कौतुक करताना ही बाजू झाकू नये असं मला वाटतं.

त्याची बायको हेन्रिएटा. प्रेस्बिटेरियन पाद्र्याची मुलगी, ब्राउन्सव्हिलच्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. तिचं चेंबरलेन कुटुंब तिथे आलं तेव्हा घर मिळेना, म्हणून ते नदीवर एका बोटीतच राहत होतं. किंगला आपली बोट लावायला जागा मिळाली नाही, तो शिव्या देत आला, आणि या पोरीने त्याला सगळ्यांदेखत झापला, अशी त्यांच्या पहिल्या भेटीची कथा सांगतात. १० डिसेंबर १८५४ ला लग्न झालं. मधुचंद्र माळरानावर. म्हातारपणी तिने आठवण लिहिली आहे, की फिरून दमले की नवरा मेस्कीटच्या झाडाच्या सावलीत घोंगडी अंथरून द्यायचा. आणि घराची कोठी इतकी चिमुकली, की मोठी ताटं बाहेरच्या भिंतीला अडकवावी लागत.

नवऱ्याने हिऱ्याची कर्णफुलं आणली, तर हिने त्यांवर काळा मिना चढवून घेतला. पाद्र्याच्या लेकीला चकाकी नको. मला हे ऐकून हसू आलं, आईला अजिबात आलं नाही. ती म्हणाली, "नवऱ्याचं मनबी राखलं आन् आपलंबी."

लग्नाच्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली होती. मेक्सिकोतल्या क्रूयास गावात दुष्काळ पडला. किंगने गावची गुरं विकत घेतली आणि निघाला, पण थोडं अंतर गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की गुरं घेतली, आता हे लोक खाणार काय? तो परत फिरला आणि सगळ्यांना कामावर चला म्हणाला. जवळजवळ अख्खं गाव पोराबाळांसह, चंबूगबाळं घेऊन उत्तरेला आलं. त्यांना 'किनेन्यो' म्हणतात, किंगची माणसं. पिढ्यान् पिढ्या त्यांची घरं तिथेच राहिली. त्यांच्या घरांची आणि पोरांच्या शिक्षणाची जबाबदारी हेन्रिएटाबाईंकडे होती. अर्थात मालक तो मालक आणि गडी तो गडी, हे दोन्हीकडे पक्कं होतं.

१८८३ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा एकोणिसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेला. १८८५ च्या एप्रिलमध्ये कप्तान गेला, पोटाच्या कॅन्सरने. जाता जाता वकिलाला निरोप, की सांता गर्ट्रूडिसची एक फूटही जमीन हातची जाऊ देऊ नका. मृत्युपत्रात सगळं बायकोच्या नावे. सुमारे ५ लाख एकर जमीन, आणि सुमारे ५ लाख डॉलरचं कर्ज.

संग्रहालयातल्या खुर्चीवर बसून मी हे आईला मराठीत सांगत होतो. तिने पहिला प्रश्न विचारला, "कर्ज फिटलं का तिचं?"

का विचारलं ते मला कळलं. आमच्याकडे बाईचं नाव सातबाऱ्यावर लागतं ते बहुधा नवरा गेल्यावर. वडील गेले तेव्हा आईचं लागलं, आणि त्याच आठवड्यात सोसायटीची कर्जाची वही घरी आली. साडेतीन एकर, त्यातलं अर्धा एकर मळीचं. आकडे सोडा, कागद तसाच.

तर, फिटलं. बाईंनी जावयाला हाताशी धरलं. हा रॉबर्ट क्लेबर्ग वकील होता, एका दाव्यात त्याने कप्तानालाच हरवलं होतं. कप्तानाने लगेच त्याला आपल्याकडे लावून घेतला, आणि १८८६ मध्ये धाकट्या लेकीचं, ॲलिसचं, त्याच्याशी लग्न झालं. तो व्यवहार बघायचा, पण मालकी आणि शेवटचा शब्द बाईंचा. कर्ज वारलं, जमीन वाढली, १८९५ ला ती साडेसहा लाख एकरांवर गेली होती. नव्वदच्या दशकातल्या दुष्काळाने गुरं मेली. १८९९ मध्ये खोल बोअरला आपसूक उसळणारं पाणी लागलं, तेव्हा क्लेबर्ग रडला म्हणतात. आमच्या भागात बोअरला पाणी लागल्यावर रडलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यामुळे मला यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

मग बाईंनी रेल्वेसाठी जमीन दिली आणि ४ जुलै १९०४ ला किंग्जव्हिल गाव वसलं. प्लॉटच्या खरेदीखतातच अट होती, इथे दारू विकायची नाही. आपल्या मंडळाच्या काही कार्यकर्त्यांची तिथे पंचाईत झाली असती. स्वतःच्या पंथाचं चर्च त्यांनी बांधून दिलं, पण बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, एपिस्कोपल आणि कॅथलिक चर्चलाही जागा दिली. वाकेरो, म्हणजे रँचवरचे मेक्सिकन गुराखी, बहुतेक कॅथलिक होते. माझं बरोबर पण तुझ्या देवालाही अंगण हवं, ही समज सगळ्याच धार्मिक माणसांत असते असं नाही.

हिशेब केला तर कप्तानाने ती रँच बत्तीस वर्षं सांभाळली, बाईंनी चाळीस. नाव मात्र त्याचं. ३१ मार्च १९२५ ला त्या गेल्या तेव्हा ११ लाख ७३ हजार एकर त्यांच्या नावावर होते. आख्खा गोवा त्यात मावून वर हजारेक चौरस किलोमीटर उरतात. नवरा गेल्यापासून त्या काळ्या कपड्यांतच राहिल्या.

अंत्ययात्रेला जवळजवळ दोनशे वाकेरो आले होते, काही जण दोन दिवस घोड्यावरून. कामाच्या कपड्यांत, रँचचा छाप डागलेल्या घोड्यांवर. पेटी खाली उतरवल्यावर ते एकामागोमाग एक पुढे आले, टोपी काढून मांडीशी धरली, आणि उघड्या कबरीभोवती दुडक्या चालीने एकेक फेरी मारून रानाकडे परत गेले.

आईने हे ऐकलं, थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बेंदराला आपण बैलं मारुतीच्या देवळाभोवती फिरवतो की. तसंच."