रोगापेक्षा इलाज भयंकर

(दृश्य: कॉर्नवॉलचा खडकाळ किनारा, ओहोटीची वेळ.)

१८ मार्च १९६७, शनिवार. सकाळचे नऊ वाजत आलेले. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ, सेव्हन स्टोन्सच्या खडकांवर ‘टॉरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज चढलं. पोटात जवळजवळ १ लाख १९ हजार टन कुवेती कच्चं तेल.

कॅप्टन पास्त्रेंगो रुजाती यांना वेल्समधल्या मिलफर्ड हेवनची भरती गाठायची होती. ती हुकली, की पुढच्या मोठ्या भरतीपर्यंत खोळंबा. म्हणून सिली बेटांना वळसा न घालता त्यांनी आतली जवळची वाट धरली. ऐन वेळी सुकाणू फिरवायला गेले, तर फिरेना. सुकाणू हातानं चालवायचं की आपोआप, हे ठरवणारा खटका भलत्याच जागी होता.

जहाज ओढून काढायची खटपट आठवडाभर चालली. त्यात झालेल्या स्फोटात एका डच तज्ज्ञाचा जीव गेला. २६ मार्चला जहाजाचा कणाच मोडला. मग सरकारनं तेल पेटवून द्यायला विमानं धाडली. बॉम्ब, रॉकेल, नापाम (चिकटून जळणारं इंधन), सगळं टाकलं. जागचं न हलणारं जहाज, तरी काही बॉम्ब हुकलेच!

(दृश्य: गमबूट घातलेले सैनिक, पिंपं, पांढरा फेस.)

किनाऱ्यावर वाहून आलेल्या तेलासाठी मात्र सगळी भिस्त तेल फोडणाऱ्या डिटर्जंटवर. सुमारे १० हजार टन फवारलं. भांडी घासायचा साबण नव्हे हा. यातली द्रावकं विषारी होती. पण पर्यटनाचा हंगाम तोंडावर आलेला, वाळू लवकर स्वच्छ दिसायला हवी होती. तशी ती दिसूही लागली.

आता हा खडक जरा जवळून बघा. हे टोपीच्या आकाराचे शंख आहेत ना, ते लिंपेट. बोटांनी ओढून निघणार नाहीत, इतके घट्ट. रोज खडकावरचं कोवळं शेवाळ खरवडून खातात. फवारा बसला आणि ते पटापट गळून पडले. शेवाळ खायला कुणी उरलंच नाही. काही महिन्यांत खडक हिरवेगार! लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय बहर आलाय.

याच किनाऱ्यावरच्या गॉड्रेव्हीला सील राहतात. त्यांना बाधा नको म्हणून तिथं फवारणी टाळली होती. तेल तसंच राहिलं, लाटा ते घासत राहिल्या. दोन-तीन वर्षांत तिथले खडक पूर्ववत झाले.

फवारलेल्या खडकांना दहा ते पंधरा वर्षं लागली.