विषाणू वाढत नाही, जुळवला जातो

श्रोतेहो, नमस्कार.

‘जंतू’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. जिवाणू आणि विषाणू दोघेही त्यात कोंबले जातात. पण जिवाणू ही एक पूर्ण पेशी आहे. ती खाते, वाढते आणि पुरेशी मोठी झाली की दुभंगून दोन होते. विषाणू यातलं काहीच करत नाही. तो खात नाही, आकाराने वाढत नाही, दुभंगतही नाही. मग एकाचे शंभर होतात कसे? आज त्याबद्दलच बोलू.

विषाणूत असतं तरी काय? आत डीएनए किंवा आरएनए, म्हणजे लिखित सूचना, आणि भोवती प्रथिनांचं कवच. काहींना त्यावर मेदाचं पातळ आवरणही असतं. पोलिओचा विषाणू सुमारे ३० नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या ओळीत असे तेहतीस हजार मावतील. त्याच्या आरएनएमध्ये साधारण ७,५०० अक्षरं आहेत. एवढ्या थोड्या सूचनांत मोठं, अखंड कवच बसवता येत नाही. म्हणून तो चारच प्रकारची प्रथिनं वापरतो, प्रत्येकाच्या ६० प्रती, आणि त्यांचाच वीसमुखी डबा रचतो. तंबाखूच्या पानांवर रोग पाडणारा विषाणू तर १९३५ साली अमेरिकी शास्त्रज्ञ वेंडेल स्टॅनले यांनी स्फटिकरूपात वेगळा काढला. स्फटिक विरघळवून पानाला चोळले की पान पुन्हा आजारी! ‘सजीव की निर्जीव’ हा वाद तेव्हापासून चालू आहे. मला स्वतःला त्यात फारसं तथ्य वाटत नाही. पेशीबाहेर तो एक वस्तू आहे, पेशीत शिरला की एक घडामोड.

ही घडामोड सर्वांत स्वच्छ दिसते ती जिवाणूंना लागणाऱ्या विषाणूंत. त्यांना फाज म्हणतात. ई. कोलाय जिवाणूंमध्ये टी-४ नावाचा फाज मिसळा. तो चिकटला की मिश्रण भरपूर पातळ करा, म्हणजे एका जिवाणूतून सुटलेला फाज लगेच दुसऱ्याला गाठणार नाही. मग दर काही मिनिटांनी थोडा नमुना काढून त्यातले जिवाणू मुद्दाम फोडा आणि आत किती फाज आहेत ते मोजा. पहिली दहा-बारा मिनिटं उत्तर येतं शून्य. जो फाज आत गेला, तोही सापडत नाही! त्यानंतर आकडा चढू लागतो आणि साधारण २५ मिनिटांनी जिवाणू आपणहून फुटतो, तेव्हा शंभरेक नवे फाज बाहेर पडतात.

त्या शून्यातच सगळी गंमत आहे. विषाणू आधी मोडतो. कवच बाहेर राहतं, आत जातो तो मुख्यतः डीएनए. हर्शे आणि चेस या शास्त्रज्ञांनी १९५२ साली हेच दाखवलं. फॉस्फरसवर किरणोत्सारी खूण करून डीएनएचा माग काढला, गंधकावर खूण करून प्रथिनांचा. पेशीच्या आत सापडली ती बहुतेक फॉस्फरसची खूण. पुढची मिनिटं आतली यंत्रणा सुटे भाग घडवत असते. डीएनएच्या प्रती वेगळ्या, फाजच्या कवचाची डोकी वेगळी, शेपट्या वेगळ्या. पुरेसे भाग साठले की जुळणी, आणि मग पेशी फोडणारं प्रथिन आपलं काम करतं.

याचा हिशेब पाहा. दर २० मिनिटांनी दुप्पट होणारा जिवाणू ७५ मिनिटांत एकाचे फार तर पंधरा करील. फाजच्या तेवढ्याच वेळात तीन फेऱ्या होतात. शंभर, दहा हजार, दहा लाख.

माणसाच्या पेशीत तपशील बदलतात. पहिली अट म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूला धरता येईल असा रेणू हवा. फ्लूचा विषाणू सियालिक आम्ल नावाची साखर धरतो. पेशी त्याला पिशवीत घेऊन आत ओढते, पिशवीतली आम्लता वाढते आणि त्या आम्लतेनेच विषाणू उघडतो. पोलिओचा आरएनए थेट वाचता येतो. पेशीतले रायबोसोम, म्हणजे प्रथिनं घडवणारी यंत्रं, त्यावरून एक लांबलचक प्रथिन बनवतात आणि विषाणूचंच एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम करणारं प्रथिन, त्याचे योग्य जागी तुकडे पाडतं. फ्लूचा आरएनए उलट्या लिपीतला, रायबोसोमना तो थेट वाचता येत नाही, त्यामुळे प्रत काढणारं एन्झाइम त्याला सोबत आणावं लागतं. एचआयव्ही आरएनएवरून डीएनए बनवतो आणि तो पेशीच्या गुणसूत्रातच शिवून टाकतो.

घाईत चुका होतातच. आरएनएची प्रत काढणारी बहुतेक विषाणूंची एन्झाइमं आपलं लिखाण तपासत नाहीत. दर दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे साधारण एक चूक राहते. बऱ्याच चुका विषाणूलाच मारक ठरतात. पोलिओचे कित्येक डझन, कधी शेकडो कण मोजावेत तेव्हा संसर्ग घडवणारा एक सापडतो. फ्लूची अडचण आणखी वेगळी. त्याच्या सूचना आठ तुकड्यांत असतात आणि एखादा तुकडा भरायचा राहिला की कण फुकट. मात्र एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू शिरले तर तुकड्यांची सरमिसळ होऊन तिसराच तयार होऊ शकतो.

आता औषधांकडे येऊ. प्रतिजैविकं जिवाणूची भिंत किंवा त्याचे रायबोसोम यांवर घाव घालतात. विषाणूला भिंत नाही, रायबोसोमही आपले, मग घाव घालायचा कुठे? सर्दीसाठी प्रतिजैविक घेणं म्हणूनच निरर्थक. विषाणूचं स्वतःचं असं काही, बहुधा एखादं एन्झाइम, सापडलं की नेम धरता येतो. पेशीतून बाहेर पडणारा फ्लू साखरेला चिकटून अडकू नये म्हणून न्यूरामिनिडेज नावाची कात्री बाळगतो. ओसेल्टामिविर हे औषध ती कात्री बंद पाडतं. पण लागण झपाट्याने पसरून गेल्यावर कात्री अडवून फारसा उपयोग नाही, म्हणून ते लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांच्या आत सुरू करायचं. असायक्लोविर तर मुळात निष्क्रिय रेणू. कांजिण्यांच्या किंवा हर्पीसच्या विषाणूचं एन्झाइमच त्याला कार्यरत करतं, त्यामुळे औषध मुख्यतः लागण झालेल्या पेशीतच जागं होतं. पण कांजिण्या बऱ्या झाल्यावर विषाणू चेतातंतूंच्या गाठीत गप्प पडून राहतो. तिथे तो एन्झाइम बनवत नाही, आणि औषधाला तो दिसतही नाही. पुढे कित्येक वर्षांनी नागीण उठते ती तिथूनच.