दगडातलं पोरपण

वरळीच्या टेकडीत बेडूक सापडले होते, हे इथं किती जणांना ठाऊक आहे? आजचे नव्हेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या उसंतीत तळी साचली, त्यांच्या गाळात हे इवलेसे बेडूक गाडले गेले. ब्रिटिश शास्त्रज्ञ ओवेननं १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, १९३० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ नोबलनं त्यांना ‘इंडोबॅट्रॅकस’ म्हटलं. तेव्हा दगडात गाडलेल्या बेडकांसारख्या उभयचरांशी कोकणपट्टीचा काय संबंध, असं कुणी विचारू नये.

पण मला बोलायचंय ते उभयचरांच्या पोरपणाबद्दल. पाऊस लागला की सड्यावरच्या डबक्यांत बेडूकमासे वळवळतात. समजा, त्यातला एक दगडात छापला गेला. पुढे तो ज्याच्या हाती येईल, तो त्याला बेडकाचं पिल्लू म्हणेल? निराळाच प्राणी म्हणून मोकळा होईल!

जर्मनीत दगडांत सापडलेल्या ‘ब्रँकिओसॉर’ या जुन्या उभयचर मंडळींनी असाच घोळ घातला. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी तळ्यांत राहणारे, बोटाएवढे प्राणी. काही दगडांवर डोक्यामागे कल्ल्यांच्या झिरमिळ्या काळ्या छापासारख्या अजून दिसतात. कातडी नि मांस सहसा टिकत नाही, हे लक्षात घ्या. भूवैज्ञानिक क्रेडनरनं १८८० च्या दशकात ड्रेस्डेनजवळचे शेकडो नमुने लहान ते मोठे असे लावून पाहिले. लहानांना कल्ले, मोठ्यांना नाहीत; म्हणजे कल्लेवाले निराळे प्राणी नव्हेत, त्यांचीच पिल्लं. मग गाडी दुसऱ्या टोकाला गेली: १९३९ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ रोमर म्हणाला, हे सगळे मोठ्या उभयचरांचे बच्चेच. तेही पुरतं खरं नव्हतं. ‘अ‍ॅपॅटिऑन’ या ब्रँकिओसॉरचे काही प्राणी वयात आले तरी कल्ले ठेवून पाण्यातच राहत, काही मात्र कल्ले टाकून जमिनीवर येत. एकाच घराण्यात दोन तऱ्हा.

मग वय ओळखायचं कसं? हाड आडवं कापायचं. वाढ थांबते त्या हंगामाची रेघ हाडात उमटते, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखी. ‘अ‍ॅकँथोस्टेगा’चं उदाहरण मला फार आवडतं. आठ बोटांचा, पाय असलेला, साडेछत्तीस कोटी वर्षांपूर्वीचा ग्रीनलंडचा प्राणी. जीवाश्मतज्ज्ञ जेनी क्लॅक यांच्या चमूनं १९८७ मध्ये त्याचे उत्तम नमुने आणले. २०१६ मध्ये त्याच्या दंडाची हाडं न कापता, सिंक्रोट्रॉन या यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांनी पाहिली. सहा-सहा वर्षं जगलेले प्राणीही अजून वयात आलेले नव्हते! पुढच्या पायांतल्या मऊ कूर्चेचं पक्कं हाड व्हायलाही उशीर. ज्याला आपण इतकी वर्षं पाय असलेल्या आद्य प्राण्यांचा नमुना म्हणत होतो, तो पोरांचाच कळप निघाला.

म्हणून ‘आधी पाणी, मग जमीन’ हे शाळेतलं सूत्र मला तोकडं वाटतं. बेडकाची झटक्यात होणारी कायापालट ही त्याच्या घराण्याची खासियत. जुन्या उभयचरांत बदल बहुधा सावकाश होत, कधी होतच नसत. आजही तेच. आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावचं देवगांडूळ, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनपायाचा उभयचर घ्या, ‘गेगेनिओफिस शेषाचारी’. २००३ मध्ये त्याला नाव मिळालं. ते थेट पिल्लं घालतं, डबक्यातलं बालपण त्याच्या वाट्याला येतच नाही, हे २००८ मध्ये छापून आलं. आशियातल्या उभयचरांतली ती पहिली नोंद. तेव्हा बागेत माती उपसताना असं काही वळवळलं, तर साप समजून फावडं घालू नका.