जनगणनेत पणजोबा सापडतात का?

मंडळी, शेतकरी घराण्याची वंशावळ शोधायला निघालेला माणूस बहुधा पहिला प्रश्न हाच विचारतो, की जुन्या जनगणनेत आमचं नाव कुठे मिळेल? मिळणार नाही. मध्यप्रांतात, म्हणजे आजचा पूर्व विदर्भ ज्यात होता त्या इंग्रजी प्रांतात, 1866 साली शिरगणती झाली, मग 1872 साली, आणि 1881 पासून दर दहा वर्षांनी. त्यातून आपल्या हाती आले ते बेरजेचे तक्ते. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 तर व्यक्तीची नोंद कुणाला पाहूही देत नाही.

तरी जनगणना बाजूला टाकू नका. ती गाव पक्कं करायला कामी येते. आजी म्हणते, "आपण मूळचे खापरीचे." नागपूर जिल्ह्यात खापऱ्या एकाहून अधिक आहेत. 1951 च्या जिल्हा पुस्तिकेत गावनिहाय यादी आहे, त्यात आपली तहसील पाहा आणि मग गावाचा बंदोबस्त क्रमांक (जमीन मोजून सारा ठरवताना गावाला दिलेला आकडा) व पटवारी हलका (एका पटवाऱ्याकडची गावं) शोधा. "मौजा, ब.नं., प.ह.नं." या तीन खूणगाठी जुळल्याशिवाय नकलेचा अर्ज करू नका. जिल्ह्यांच्या सीमाही ध्यानात असू द्या. वर्धा 1862 साली नागपुरातून वेगळा झाला. गडचिरोली 1982 साली चंद्रपुरातून निघाला, गोंदिया 1999 साली भंडाऱ्यातून.

नाव मिळतं ते कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत. गावातला जन्म-मृत्यू कोतवाल सांगायचा, लिहिणारा बहुधा दुसराच असायचा, त्यामुळे कानावर पडलं तसं कागदावर उतरलं. समजा मृत्यूची एक ओळ अशी आहे: "गणपत वल्द सखाराम, कौम कुणबी, उमर 40, ताप." यात आडनाव नाही, आणि ते शोधत बसलात तर आख्खं पुस्तक वाया जाईल. इथे "वल्द" म्हणजे अमक्याचा मुलगा, "जौजे" म्हणजे अमक्याची बायको, "बेवा" म्हणजे विधवा, "कौम" म्हणजे जात. वय 40 लिहिलंय म्हणजे 40 च, असं धरू नका. अंदाजाने सांगितलेलं वय पाच-दहाच्या पटीत येतं, म्हणून पाच वर्षं मागे-पुढे पाहा. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव नसतं, कारण नोंद बारशाआधीच झालेली असते. तिथे "मुलगा" किंवा "मुलगी" आणि बापाचं नाव एवढंच. शाळेच्या दाखल-खारीज पुस्तकाशी (मुलं शाळेत आल्या-गेल्याची नोंदवही) ताडून मगच ते कोण हे ठरवा. शाळेतली 1 जुलै ही जन्मतारीख मात्र गुरुजींच्या सोयीची असू शकते, तिच्यावर भिस्त नको.

1918 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं सावकाश वाचा. इन्फ्लुएन्झाच्या त्या साथीने मध्यप्रांत-वऱ्हाडाला लोकसंख्येच्या मानाने देशात सर्वांत मोठ्या फटक्यांपैकी एक दिला. एकाच घरातले बाप-लेक काही दिवसांच्या अंतराने गेलेले दिसतात, आणि वंशावळीत एक पिढी "गहाळ" झाल्यासारखी वाटते ती याच पानांपाशी.

आता महत्त्वाचं सांगतो. माणूस धरून मागे जाऊ नका, जमीन धरून जा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे 1868 चा सखाराम आणि 1915 चा सखाराम वेगळे असू शकतात, आणि नुसत्या नावावर जोडलेली साखळी इथेच तुटते. आजच्या सातबाऱ्यावरून उलट चला. फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) पाहत 1954-55 च्या अधिकार अभिलेखापर्यंत, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीपर्यंत या. तिथून खसरा क्रमांक, म्हणजे शेताचा क्रमांक, घेऊन बंदोबस्ताच्या मिसलीत, म्हणजे त्या मोजणीच्या दप्तरात जा. दोन बंदोबस्तांत खसऱ्याचे क्रमांक बदलतात, म्हणून क्रमांकाबरोबर क्षेत्र, चतुःसीमा आणि नकाशा जुळवा. विहीर, नाला, पांदण सहसा जागा सोडत नाहीत. घराणं मालगुजाराचं, म्हणजे गावाची मालकी असून सारा भरणाऱ्याचं असेल तर हिश्शांबरोबर कुर्सीनामाही, म्हणजे लिहिलेली वंशावळही मिळू शकते. मौरुसी काश्तकाराचं (वारसाहक्काने जमीन कसणाऱ्या कुळाचं) नाव जमाबंदीत, म्हणजे साऱ्याच्या नोंदवहीत असतं, आणि तो "फौत" झाला, म्हणजे वारला, की वारसाचं नाव येतं. बाप-मुलाचं नातं पक्कं करणारी जागा तीच. 1951 साली मालगुजारी गेली, त्या काळातले कागद विशेष जपून वाचा, कारण काश्तकाराचा हक्क बदलला तसे नोंदीतले शब्दही बदलले.

नक्कल मागताना पान आणि ओळ लिहून द्या, आणि टंकलिखित उताऱ्यासोबत मूळ पानाची छायाप्रतही मागा. मूळ पान मोडीत असेल तर मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि लिप्यंतर करणारा चुकला तर तीच चूक पुढच्या प्रत्येक कागदावर चढते.

आणि एक जागा, जी हमखास सुटते. थोरल्या मुलाची जन्मनोंद गावच्या कोतवाल बुकात नसेल तर निराश होऊ नका. पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पणजीच्या माहेरचं गाव विचारा आणि त्या गावचं पुस्तक काढा.